पहिल्याच केकमध्ये अंडी लिहायची विसरली, अन् पुढं हीच पोरगी अख्ख्या इंग्लंडला स्वयंपाक शिकवून गेली

डिसेंबर लागला की इन्स्टावर एकच विषय सुरू होतो. कुणी बरणीत रममध्ये भिजवलेला सुकामेवा दाखवतं, कुणी संत्र्याच्या रसात भिजवलेला. कुणाचा केक मस्त फुगतो, कुणाचा मध्येच बसतो. आणि प्रत्येक रीलच्या खाली ठरलेली मांडणी असते. वर साहित्य, त्यापुढं माप, मग कृती, मग भाजायला किती वेळ लागेल आणि किती जणांना पुरेल.

हे इतकं सवयीचं झालंय की ही मांडणी कुणीतरी कधीतरी बसवली असेल, असं आपल्या डोक्यातही येत नाही.

पण पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी पाककृतीचं पुस्तक उघडलं तर बहुतेक कृती सलग परिच्छेदात सापडतात. पीठ घ्या, त्यात पुरेसं लोणी घाला, वाटलं तर अजून दोन अंडी फोडा, आणि चांगल्या भट्टीत होईपर्यंत ठेवा. पुरेसं म्हणजे किती? होईपर्यंत म्हणजे कधीपर्यंत? ज्याला आधीच येतंय त्यालाच ते कळायचं. ज्याला येत नाही त्यानं काय करायचं, याचं उत्तर पुस्तकात नसायचं.

ते उत्तर ज्या पुस्तकामुळं घराघरांत पोचलं, त्याच्या लेखिकेचं नाव इझाबेला बीटन. इंग्लंडमध्ये तिला आजही मिसेस बीटन म्हणूनच ओळखतात. नाव ऐकलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या केसांची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली, चाळीस वर्षं स्वयंपाकघर सांभाळलेली कडक आजी उभी राहायची.

खरी गोष्ट वेगळीच होती. पुस्तक आलं तेव्हा ती २५ वर्षांची होती, आणि २८ व्या वर्षी ती गेली. मधल्या काळात तिच्या वाट्याला काय काय आलं ते बघितलं, की केकची ती साधी यादी वेगळी दिसायला लागते.

रेसकोर्सवर वाढलेली पोरगी

इझाबेला मेसनचा जन्म मार्च १८३६ मध्ये लंडनमध्ये झाला. वडील बेंजामिन मेसन कापडाचे व्यापारी. ती चार वर्षांची असताना वडील गेले. आई एलिझाबेथच्या पदरात लहान लहान लेकरं होती. तिनं १८४३ मध्ये हेन्री डॉर्लिंग या विधुराशी लग्न केलं. त्यालाही आधीची चार मुलं होती.

हेन्रीचं काम एप्सममध्ये होतं. एप्सम म्हणजे डर्बीच्या घोड्यांच्या शर्यतींचं गाव, आणि हेन्री तिथल्या रेसकोर्सचा व्यवस्थापक. तिचे चार, त्याचे चार, आणि पुढं दोघांना झालेले तेरा. असं मिळून घरात २१ पोरं झाली.

एवढी पोरं एका घरात मावणार कशी? तर शर्यती नसायच्या तेव्हा यातल्या बऱ्याच जणांची रवानगी रेसकोर्सच्या ग्रँडस्टँडमध्ये व्हायची. आजीच्या देखरेखीखाली पोरं तिथंच राहायची, तिथंच खेळायची, तिथंच झोपायची. इझाबेला मोठ्या मुलींपैकी एक. धाकट्यांना सांभाळणं, कुणी खाल्लं, कुणाचं राहिलं हे बघणं तिच्या अंगावर आलं. शेकडो माणसांसाठी बांधलेल्या जागेत घर चालवायचं, तर प्रत्येक गोष्टीचा हिशेब ठेवावा लागतो. तो हिशेब ती लहानपणीच शिकली.

पुढं तिला शिकायला जर्मनीतल्या हायडेलबर्गला पाठवलं. तिथं ती फ्रेंच आणि जर्मन शिकली, पियानो शिकली, आणि केक-पेस्ट्री करायलाही शिकली. १८५४ च्या सुमारास ती परत आली आणि एप्सममधल्या एका बेकरीवाल्याकडं पेस्ट्रीचे धडे घ्यायला लागली. मध्यमवर्गातल्या मुलीनं दुकानदाराकडं जाऊन हातानं काम शिकावं, हे तेव्हाच्या रीतीत बसणारं नव्हतं. घरच्यांनाही ते फार रुचलं नाही.

पण बाकीचा रोजचा स्वयंपाक तिला कुणी शिकवला नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

केकमध्ये अंडी किती?

१० जुलै १८५६ ला तिचं सॅम्युएल बीटनशी लग्न झालं. सॅम्युएल लंडनचा तरुण प्रकाशक. गुलामगिरीवर लिहिलेली अंकल टॉम्स केबिन ही अमेरिकन कादंबरी १८५२ मध्ये ब्रिटनमध्ये छापणाऱ्या सुरुवातीच्या प्रकाशकांपैकी तो एक. त्याच वर्षी त्यानं मध्यमवर्गीय बायकांसाठी स्वस्तातलं मासिक काढलं होतं. नाव होतं इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझिन.

लग्नानंतर वर्षाच्या आत इझाबेला या मासिकासाठी लिहायला लागली. आधी तिनं फ्रेंच गोष्टींची भाषांतरं केली. मग पाककृतींचं सदर रिकामं पडलं होतं, ते तिच्याकडं आलं.

आता झालं असं, की तिनं सुरुवातीलाच चांगल्या स्पंज केकची कृती छापली, आणि त्यात अंडी किती घालायची हे लिहायचंच राहून गेलं.

स्पंज केकचा सगळा डोलारा अंड्यांवर उभा असतो. अंडी फेटली की त्यात हवा अडकते आणि त्या हवेवर केक फुगतो. तेच माप नसेल तर कृतीचा उपयोग शून्य. छापील अंक वाचकांच्या हातात गेलेला. आजच्यासारखं पोस्ट एडिट करायची सोय नव्हती. चूक पुढं दुरुस्त करावी लागली.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा चुकीचं काय घेऊन बसलात? पण हीच चूक जुन्या पुस्तकांमधल्या जवळजवळ प्रत्येक कृतीत होती. कृती परिच्छेदात लिहिली की एखादी गोष्ट सुटली तरी लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही. वर यादी असेल तर सुटलेलं माप लगेच डोळ्यांत भरतं. आपल्या पुस्तकात इझाबेलानं कृतीचं सगळं साहित्य मापासकट सर्वात वर आणलं. ते त्या केकमुळंच केलं का, हे तिनं कुठं सांगितलेलं नाही. पण अशी यादी असती तर अंडी सुटली नसती, एवढं मात्र खरं.

उधारीच्या कृती

स्वयंपाकाचं पुस्तक काढायचं ठरलं तेव्हा तिनं ओळखीतल्या एका अनुभवी बाईंचा सल्ला घेतला. बाईंनी स्पष्ट कळवलं की स्वयंपाक हे वर्षानुवर्षं करून येणारं शास्त्र आहे आणि तुझ्याकडं तो अनुभव नाही. तेव्हा बाजारात जी उत्तम पुस्तकं आहेत, त्यातून निवडून एक संग्रह कर.

इझाबेलानं तेच केलं. जुनी पुस्तकं चाळली, वाचकांकडून कृती मागवल्या, आणि आपल्या घरच्या स्वयंपाकिणीच्या मदतीनं त्यातल्या कृती करून बघितल्या.

पण या उधारीची दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. तिनं ज्यांच्याकडून घेतलं त्यांची नावं बहुतेक ठिकाणी दिलीच नाहीत. यात सगळ्यात मोठं नाव एलायझा ॲक्टनचं. ॲक्टनबाईंचं पुस्तक १८४५ मध्ये आलं होतं. घटकांची नेमकी मापं आणि वेळ वेगळी काढून देण्याची पद्धत त्यांनी आधीच सुरू केली होती. फक्त त्या ही यादी कृतीच्या शेवटी द्यायच्या. आपलं लिखाण लोक नाव न घेता उचलतात अशी तक्रार त्यांनी १८५५ च्या आवृत्तीत केली होती. फेब्रुवारी १८५९ मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षाच्या शेवटी इझाबेलाचं पुस्तक मासिक भागांत यायला लागलं, आणि ॲक्टनबाईंच्या कित्येक कृती त्यात होत्या.

म्हणजे यादीची कल्पना मुळात इझाबेलाची नव्हती. ती यादी शेवटून उचलून वर आणली, सोबत खर्च किती येईल, किती जणांना पुरेल, कोणत्या ऋतूत करावं हे प्रत्येक कृतीला जोडलं, आणि सगळ्या पुस्तकभर हीच शिस्त पाळली, हे तिचं काम. या कामाचं श्रेय तिला द्यायचं तर ॲक्टनबाईंचं नाव सोबत घ्यावंच लागतं.

पुस्तकात तिची स्वतःची म्हणून जी कृती ओळखली जाते, ती केकची नाही, सूपची आहे. १८५८ च्या कडक हिवाळ्यात तिनं आपल्या घरी मोठ्या भांड्यात सूप करून आसपासच्या गरीब घरांना वाटलं होतं. पोरं डबे घेऊन यायची आणि भरून न्यायची. तीच कृती पुढं पुस्तकात आली.

मग तिचा ख्रिसमस केक कसा होता?

१ ऑक्टोबर १८६१ ला सगळे भाग एकत्र करून पुस्तक आलं, द बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट. अकराशेहून जास्त पानं. नोकरांचे पगार, मुलांची आजारपणं, कायद्याची माहिती, असं सगळं त्यात होतं, पण बहुतेक पानं पाककृतींची. पहिल्याच वर्षी ६०,००० प्रती खपल्या.

त्यात ख्रिसमस केक आहे. पण आपल्याला वाटतो तसा सुकामेव्यानं खच्चून भरलेला, ब्रँडीत न्हालेला नाही.

साहित्य असं. मैदा ५ चहाचे कप. वितळलेलं लोणी, साय, ट्रीकल आणि ओलसर तपकिरी साखर प्रत्येकी १ कप. अंडी २. सुंठ पूड अर्धा औंस, म्हणजे साधारण १४ ग्रॅम. मनुका अर्धा पौंड, म्हणजे पाव किलोला जरा कमी. सोडा १ चहाचा चमचा आणि व्हिनेगर १ मोठा चमचा.

ट्रीकल म्हणजे साखर करताना उरणारा काळसर घट्ट पाक. आपल्याकडं त्याला जवळची गोष्ट म्हणजे काकवी. सोडा म्हणजे खायचा सोडा, धुण्याचा नव्हे.

कृतीही सोपी. मनुकांच्या बिया काढून तुकडे करायचे, कारण तेव्हा बिनबियांचा माल सर्रास मिळत नव्हता. मैदा, साखर, सुंठ आणि मनुका कोरड्याच एकत्र करायच्या. मग लोणी, साय, ट्रीकल आणि फेटलेली अंडी घालून काही मिनिटं घोटायचं. शेवटी सोडा व्हिनेगरमध्ये विरघळवून पिठात नीट मिसळायचा आणि लोणी लावलेल्या भांड्यात ओतून लगेच भट्टीत ठेवायचं. वेळ पावणेदोन ते सव्वादोन तास.

यात लगेच हा शब्द महत्त्वाचा. सोडा आणि आंबट व्हिनेगर भेटले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात. दोनच अंडी असलेल्या या जड पिठाला तेच बुडबुडे उचलतात. तुम्ही फोटो काढत बसलात तर बुडबुडे निघून जाणार आणि केक बसणार.

घरी करायचा असेल तर एक अडचण आहे. चहाचा कप नेमका केवढा? सगळ्यासाठी एकच कप वापरला तर प्रमाण जमतं, पण अंडी आणि मनुका त्या कपाच्या मापात नाहीत. त्यामुळं फार मोठा मग घेऊ नका. दुसरी अडचण आचेची. ती फक्त मध्यम भट्टी म्हणते, कारण तेव्हाच्या कोळशाच्या शेगडीला तापमानाचा काटा नव्हता. बायका आत चिमूटभर पीठ किंवा कागद टाकून तो किती वेळात तांबूस होतो त्यावरून आच ओळखायच्या. आजच्या ओव्हनमध्ये एवढ्या मोठ्या केकला १६० डिग्रीच्या आसपास ठेवावं, आणि दीड तासानंतर मध्ये सुरी खुपसून बघत राहावं. सुरी कोरडी निघाली की झाला.

मग तो सुकामेव्याचा श्रीमंत केक कुठं होता? तोही पुस्तकात आहे, पण लग्नाच्या आणि बारशाच्या केकच्या नावानं. ५ पौंड मैदा, ३ पौंड लोणी, ५ पौंड काळे बारीक बेदाणे, १६ अंडी, बदाम, साखरेत मुरवलेल्या संत्र्या-लिंबाच्या साली, जायफळ, लवंग, वाइन आणि ब्रँडी. असाच मोठा केक इंग्लंडमध्ये ६ जानेवारीच्या सणालाही व्हायचा. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तो सण मागं पडत गेला, नाताळ मोठा होत गेला आणि श्रीमंत केक हळूहळू २५ डिसेंबरकडं सरकला.

इझाबेलाच्या पुस्तकात हा बदल अर्ध्यावर दिसतो. तिच्या काळात नाताळचा मान पुडिंगचा होता. पुडिंग पाण्यात उकडायचं असतं, त्यामुळं घरात भट्टी नसली तरी चालायचं. केक मात्र ज्यांच्याकडं भट्टी आहे त्यांचा.

आणि हो, पुस्तकात चुकाही आहेत. मोठी गाजरं ती पावणेदोन ते सव्वादोन तास उकडायला सांगते. तेवढ्या वेळात तिचा ख्रिसमस केक होतो.

३१ डिसेंबर

बाहेर पुस्तक गाजत होतं, तेव्हा घरात काय चाललं होतं?

पहिला मुलगा मे १८५७ मध्ये झाला. ज्या वर्षी तिचं पाककृतींचं सदर सुरू झालं, तेच हे वर्ष. ऑगस्टमध्ये बाळ गेलं. दुसरा मुलगा १८५९ मध्ये झाला. पुस्तकाचं सगळं काम तिनं या मुलाला वाढवत केलं. त्याच काळात ती नवऱ्याबरोबर रेल्वेनं लंडनच्या ऑफिसला जायची, फॅशनची चित्रं आणायला पॅरिसला जायची, मासिकाचं संपादन करायची. १८६२ च्या नाताळानंतर सहा दिवसांनी, ३१ डिसेंबरला, हा मुलगाही स्कार्लेट फीवरनं गेला. तो साडेतीन वर्षांचा होता.

बरोबर एक वर्षानं, ३१ डिसेंबर १८६३ ला, तिसरा मुलगा झाला. तो जगला.

२९ जानेवारी १८६५ ला ती पुस्तकाच्या छोट्या आवृत्तीची मुद्रितं तपासत होती. काम करता करताच कळा सुरू झाल्या आणि त्याच दिवशी चौथा मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. ६ फेब्रुवारीला ती गेली. कारण बाळंतज्वर.

बाळंतज्वर म्हणजे बाळंतपणात होणारा जंतुसंसर्ग. डॉक्टरांनी हात निर्जंतुक केले तर हे मृत्यू कमी होतात, हे व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरनं १८४७ मध्येच दाखवून दिलं होतं. बहुतेक डॉक्टरांनी ते मानलं नाही. शस्त्रक्रियेतल्या जंतुनाशकांवरचा लिस्टरचा लेख आला १८६७ मध्ये. तोवर इझाबेलाला जाऊन दोन वर्षं झाली होती.

बाई गेली, नाव राहिलं

सॅम्युएलनं त्या छोट्या पुस्तकाच्या शेवटी बायकोसाठी चार ओळी लिहिल्या. पण १८६६ मध्ये लंडनची ओव्हरएंड गर्नी ही मोठी वित्तसंस्था बुडाली, त्यात तोही अडकला. त्याला आपल्या पुस्तकांचे हक्क वॉर्ड लॉक या प्रकाशकांना विकावे लागले. त्यात बायकोचं पुस्तकही गेलं.

नव्या मालकांना एक गोष्ट कळत होती. घर कसं चालवावं हे सांगणारी बाई २८ व्या वर्षीच वारली, हे वाचकांना समजलं तर पुस्तकाचा धाक राहणार नाही. म्हणून तिच्या मृत्यूची गोष्ट पुढं आणलीच नाही. आवृत्त्या निघत राहिल्या, जाड होत गेल्या. दुसऱ्यांच्या कृती आत आल्या, वर नाव तिचंच राहिलं. वाचकांना वाटत राहिलं की मिसेस बीटन अजून कुठंतरी पदर खोचून नवीन केक करून बघतायत. १८६८ पर्यंत पुस्तकाच्या जवळजवळ २० लाख प्रती खपल्या होत्या. सॅम्युएल १८७७ मध्ये क्षयानं गेला. खपाचा खरा पैसा बीटनांच्या घरात आलाच नाही.

१९३२ मध्ये तिच्या धाकट्या मुलानं, म्हणजे जो जन्मला तेव्हा ती गेली त्यानं, आईचा फोटो लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीला दिला. फोटोत विशीतली, केस चापून बसवलेली मुलगी होती. आजीबाईंचा चेहरा शोधणाऱ्यांना धक्का बसला.

अनुभव नाही, कृती उसन्या, आणि पहिल्याच केकमध्ये अंडी गायब. पण आपल्याला येत नाही हे तिला नीट माहीत होतं. म्हणून तिनं पुस्तक न येणाऱ्यांसाठी मांडलं. आई-आजी शेजारी उभी नसताना, नव्या शहरात, नव्या घरात एकटीनं केक करू बघणाऱ्या मुलीला पुरेसं आणि होईपर्यंत या शब्दांचा उपयोग नसतो. तिला आकडे लागतात.

यंदा केक करायला घेतलात तर सुरुवातीला वरची यादी एकदा नीट वाचा. आणि अंडी मोजून घ्या.